अणुभट्टीच्या नोकरीला लावलेला कौल

साठच्या दशकात मी मुंबईजवळच्या एका अणुभट्टीवर इंजिनीअर होतो. सुट्टीत तारकर्लीला आलो की आई आधी माझ्या कपाळाला हात लावायची, मग मानेला. "आये, मी काय शाळेतसून इलंय?" म्हणून मी हसायचो.

एका मे महिन्यात कसालची मुलगी पाहिली. "भट्टी पाण्यात पेटता कशी?" असं तिने सगळ्यांदेखत विचारलं आणि मी तिथेच विरघळलो. जाळ नसतो, अणू फुटून उष्णता निघते, पाणी ती उष्णता घेतं आणि किरणंही अडवतं, असं मी रंगून सांगितलं. तिचे वडील मात्र गंभीर झाले.

"पोरां-बाळां बरी होतली मां?"

पाणी, काँक्रीटची जाड भिंत, छातीवर लावायचा बिल्ला, सगळं सांगून झालं. बिल्ल्याने त्यांचा चेहरा जरा खुलला. "म्हणजे तो किरणां अडवता?"

"नाही. किती लागली ते नंतर सांगतो."

झालं! खरं बोलण्याची हौस नडली. त्यांनी ग्रामदेवतेला कौल लावायचं ठरवलं.

गुरवाने पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. गाऱ्हाण्याला सगळ्यांबरोबर मीही "व्हय म्हाराजा" म्हणत होतो. भट्टीवर एक बटण दाबलं की चुंबकांनी धरलेल्या कांड्या आपल्या वजनाने आत पडतात आणि अणू फुटायचे थांबतात. इथे एका पाकळीपुढे माझं काही चालत नव्हतं. संताप येत होता आणि रडूही.

डावी पडली.

"रागावू नकात," तिचे वडील हात जोडून म्हणाले. "माझां एकच चेडू."

परतताना एसटीत मी आईजवळ तडतडत होतो. कसला देव, कसली पाकळी! ती खिडकीबाहेर बघत हळूच म्हणाली, "तू कामाक लागलंस तेव्हा मियांय कौल लावललंय. डावोच पडललो. तुका सांगूक नाय. तू किती खुशीत होतंस."

म्हणजे इतकी वर्षं प्रत्येक सुट्टीत ती तो कौल खरा ठरतोय का, ते हाताने चाचपत होती. पाणी, भिंत, बिल्ला, सगळं पुन्हा समजावावं म्हणून मी तोंड उघडलं. पण शेवटी तिचा हात उचलून माझ्याच कपाळावर ठेवला.

"बघ गो आये, ताप नाय."