बुधवारची लाइन

घाटंजीच्या एसटी स्टँडवर यवतमाळची गाडी लागली तरी बाबांचं बोलणं संपत नव्हतं. यवतमाळहून पुढे मला पुण्याची ट्रॅव्हल्स पकडायची होती. पहिलीच नोकरी. बाबांनी आधी कंडक्टरला माझी सगळी कुंडली ऐकवली, मग शेजारच्या सीटवरच्या बाईला, आणि मग खिडकीपाशी येऊन मलाच सूचना द्यायला लागले. पाणी उकळून पी, कडी आतून लावत जा, पोचली की फोन कर. गाडी हलली तरी ते सोबत चालत बोलतच होते. "घरची काळजी कायले करतं? आम्ही आहो ना इथं!" सगळी गाडी बघत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. मी खिडकीची काच ओढून घेतली, हे आज कबूल करते. मांडीवरच्या बॅगेत निळ्या झाकणाचा दहा इंची नेटबुक होता, म्हणजे छोटासा लॅपटॉपच, कॉलेजात असताना बाबांनीच घेऊन दिलेला.

पुण्यात कंपनीचा लॅपटॉप मिळाला आणि नेटबुक कपाटावर गेला. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेले त्यांना हे सांगायला नको. आपण बरोबर काय काय घेऊन येतो, आणि वर्षभरात त्यातलं निम्मं कपाटावर जातं. बाबांचे फोनही तसेच झाले. रोज रात्री यायचे, मग एक दिवसाआड. मी "मीटिंगमध्ये आहे" म्हणायला शिकले. मीटिंग नसतानाही.

चार वर्षांपूर्वी बाबांना लकवा झाला. उजवा हात गेला, पाय कसाबसा वाचला, आणि बोलणं गेलं ते गेलंच. सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलणारा माणूस 'आ, आ' करायचा आणि आपल्याला कळलं नाही की तोंड भिंतीकडे फिरवायचा. डावा हात थरथरतो, पेन धरवत नाही. मोबाइलच्या काचेवर बोट ठेवलं की एकदम चार अक्षरं उमटायची. तेव्हा मला कपाटावरचा नेटबुक आठवला. त्याची बटणं खरीखुरी, दाबल्याशिवाय उमटत नाहीत. मी त्यांवर मराठी अक्षरांचे स्टिकर चिकटवले आणि तो गावी नेऊन ठेवला. बाबा डाव्या हाताच्या एका बोटाने शिकले. 'ळ' सापडायला त्यांना महिना लागला असं माय सांगते. मग रोज सकाळी साडेनऊला मला मेल यायला लागला. "रातभर पाणी. कपाशी बरी हाय. जेवली का." ऑफिसात माझ्या बाजूला बसणाऱ्यांना वाटायचं, मी रोज त्या वेळेला कसल्या तरी जोकवर हसते.

या वर्षी तो मेल बंद पडला. नेटबुक म्हातारा झाला होता. त्याच्या जुन्या सिस्टमवर मेलचं पान उघडेना, मग सुरू व्हायलाच अर्धा तास घ्यायला लागला. मायला फोन करायचे. "बाबा काय म्हणतात?" "काय म्हणतीन? बसले आहेत." महिनाभर हेच चाललं. बाबा दुसऱ्यांदा मुके झाले होते, आणि या खेपेला इलाज डॉक्टरकडे नव्हता, माझ्याकडे होता. लोकांचे संगणक नीट करून देणं हेच तर माझं पोट भरायचं काम.

चार दिवसांची रजा काढली. एवढ्या जुन्या यंत्रावर चालेल अशी हलकी लिनक्स सिस्टम शोधण्यातच आठवडा गेला होता. नव्या सगळ्या सिस्टमनी असल्या यंत्रांना केव्हाच वाऱ्यावर सोडलं आहे. शेवटी एक सापडली, ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि निघाले. पूर्वी यवतमाळ आलं की मला तरतरी यायची. आता फक्त पाठ दुखते. गावात शिरताना कोणीतरी "कधी आली वं?" म्हणून विचारतं आणि उत्तर ऐकायच्या आत "कधी जातं?" असंही विचारतं. त्यांचं काही चुकत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, म्हणजे बुधवारी, मी कामाला लागले. माय गव्हाचा डबा डोक्यावर घेऊन निघाली. "चक्कीवर जाऊन येतो वं. दहाच्या आत पीठ झालं पाह्यजे." मी मान वर न करता हो म्हटलं. बाबांचे सगळे मेल आणि कागद आधी दुसऱ्या ड्राइव्हवर उतरवून घेतले, एवढी अक्कल शाबूत होती. मग जुनी सिस्टम पुसली आणि नवी चढवायला सुरुवात केली. बाबा बाजेवर बसून बघत होते, पडद्यावरची पट्टी सरकेल तशी त्यांची मानही सरकत होती.

पट्टी अर्ध्याच्या पुढे गेली आणि बाबा अस्वस्थ झाले. 'आ, आ' करत डावा हात वर करायला लागले. मी विचारलं, पाणी? त्यांनी मान हलवली, नाही. चहा? जोरात नाही. हात पुन्हा वर, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे, मग पुन्हा वर. मला वाटलं त्यांना घाई झाली आहे. ऑफिसात गिऱ्हाइकांशी बोलते त्याच गोड आवाजात मी म्हटलं, "थांबा ना बाबा, झालंच." त्यांनी बाजेवर हात आपटला. मी त्यांना औषध द्यायचं राहिलं की काय म्हणून डबी बघायला उठले.

दहाला लाइन गेली. पंखा थांबला आणि नेटबुकचा पडदा काळा झाला. त्याची बॅटरी केव्हाच संपली होती, तसली आता मिळतही नाही. तो चार्जरच्या वायरवरच जगत होता. बाबांनी हात खाली घेतला. मी वर पाहिलं तेव्हा कळलं, ते एवढा वेळ बल्बकडे हात दाखवत होते.

बुधवारी आमच्याकडे दहाला लाइन जाते, दुरुस्तीसाठी, ती पाचला येते. मी शाळेत होते तेव्हापासून हे असंच आहे. बुधवारी दहाच्या आत टाकी भरायची, दळण आणायचं, इस्त्री करायची, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मलाही होतं. कधी विसरले ते मात्र सांगता येणार नाही.

माय पीठ घेऊन आली आणि काळा पडदा बघून दारातच थांबली. "लाइन जाते म्हणून सांगून राह्यले असतीन ते! तुले समजलं नाही?" मी म्हटलं, तू तरी जाताना सांगायचंस. ती रागावली नाही, तिला नवल वाटलं. "आता घरच्या माणसाले काय सांगाव लागते का वं?"

दहा ते पाच. जुनी सिस्टम मी स्वतःच्या हाताने पुसलेली, नवी अर्धवट. अशात ते यंत्र कायमचं बसू शकतं, हे मला माहीत होतं, बाबांना नव्हतं. की होतं? त्यांनी दिवसभर माझ्याकडे पाहिलं नाही. मी त्यांना भाकरी कुस्करून भरवली, त्यांनी खाल्ली, बस्स. मला खूप रडू येत होतं आणि रडायचाही कंटाळा आला होता. बाबांना बोलतं करायला मी एवढ्या लांबून आले होते, आणि चार हातांवर बसून ते बोलत होते तेव्हा मी औषधाची डबी शोधत होते. इन्व्हर्टर घेऊन देते म्हटलं तर मायनं उडवून लावलं. "एका दिवसासाठी कायले? बुधवारचं आम्हाले माहीत असते."

पाचला लाइन आली. पेन ड्राइव्ह पुन्हा लावला, पुन्हा शून्यापासून सुरुवात. पहिल्या खेपेला त्याने ड्राइव्ह ओळखलाच नाही. दुसऱ्या खेपेला ओळखला. दिवेलागणीला नवी सिस्टम उघडली, मायच्या मोबाइलवरून नेट घेतलं, मराठी अक्षरं बसवली आणि नेटबुक बाबांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी बराच वेळ त्याला हातच लावला नाही. मग ते बोट पुढे आलं. एकेक अक्षर उमटत होतं आणि मी शिव्या खायची तयारी करून मागे उभी होते.

"बुधवारी दहाले लाइन जाते. ध्यानात ठेव."

हाच मेल त्यांनी मला केला. मी मागे उभी असताना, माझ्या फोनवर.

पुण्यात आमच्या सोसायटीत लाइन जात नाही. गेली तरी जनरेटर लागतो, लिफ्टसुद्धा थांबत नाही. साडेनऊचा मेल पुन्हा रोज येतो. गावी गेले की अजूनही विचारतात, कधी जातं? मीही सांगून टाकते. पण दर बुधवारी दहाला माझ्या फोनचा गजर वाजतो. मीटिंगमधले लोक माझ्याकडे बघतात, मी सॉरी म्हणून तो बंद करते. आता पाचपर्यंत बाबा बोलणार नाहीत.