जिल्हा होणार म्हणून घेतलेलं घर

"हे बी पाऊस झाल्यावरच आलेत बघा घर बघायला," लसूण सोलत बसलेली शेजारची बाई आपल्या सासूला म्हणाली.

सासू हसली. "मग काय मे महिन्यात येतेत का?"

"सांगावं का त्यान्ला?"

"तुला इचारलंय का कुणी? गप सोल."

मी मधल्या बुटक्या भिंतीच्या अलीकडे, धुण्याच्या दगडापाशी उभी होते. पप्पा आत घरमालकाबरोबर स्लॅबकडे बोट दाखवून काहीतरी विचारत होते. घर उदगीरला, नांदेड रस्त्यावर, गाव संपता संपता नव्यानं उठलेल्या वसाहतीत होतं. दोन-दोन खोल्यांची, वर एक नि खाली एक अशी दोन बिऱ्हाडं, मधे एक जिना. पप्पांचं लातूरला कापडाचं दुकान. मी तेव्हा नांदेडजवळ विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि दसऱ्याच्या सुट्टीत घरी आले होते. "कागद वाचायला चल, एवढी शिकलीस ती कशाला?" असं म्हणून पप्पांनी मला सोबत आणलं होतं. कागद सगळे मराठीत होते. 'चतुःसीमा' म्हणजे काय, हे इंग्रजी शाळेतल्या मला पप्पांनाच विचारावं लागलं.

त्या दिवसांत दुकानात कुणीही आलं तरी बोलणं तिथंच जायचं. उदगीर जिल्हा होणार. लातूरचे काही तालुके, नांदेडचे काही तालुके तोडून जोडणार. कलेक्टर कचेरी येणार, एस.पी. ऑफिस येणार, मग एवढे कर्मचारी राहणार कुठं? भाड्याच्याच घरात. कापड मापता मापता पप्पा हे ऐकायचे आणि रात्रीच्या जेवणाला आम्हाला सांगायचे. पैसा उभा करायला मम्मीची लातूरजवळच्या मुरुडची जमीन विकायचं ठरलं. आजोबांनी तिच्या वाटणीला दिलेली, तिच्या नावावरची ती एकच गोष्ट. मम्मीनं एकदाच विचारलं, "जिल्हा नाहीच झाला तर?" पप्पा म्हणाले, "तरी घर तर राहील ना."

भिंतीपलीकडचं बोलणं ऐकून मी आजूबाजूला पाहिलं. गल्लीतल्या प्रत्येक दारासमोर निळा प्लास्टिकचा ड्रम होता, रिकामा, आडवा करून ठेवलेला. प्रत्येक झाकणाला कडी ठोकलेली. एका कडीला कुलूप तसंच लटकत होतं. रिकाम्या ड्रमला कुलूप कशाला, असं मनात आलं. आमच्या हॉस्टेलचा नळ कधी बंद झालेला मी पाहिला नव्हता. तरी त्या बाईला विचारायला मला दोन पावलं टाकायची होती, एवढंच. पण माझं मराठी ऐकून नात्यातले लोक हसायचे. "मॅडम बोलल्या," असं म्हणायचे. मला बोलायच्या आधी वाक्य मनात जुळवायची सवय लागली होती, आणि वाक्य जुळेपर्यंत वेळ निघून जायची. तेवढ्यात त्या बाईनं मान वर केली. "काय बघताव बाई?" मी हसले आणि आत गेले.

आत चहा आला होता. घरमालक आमच्याच मठाचे निघाले होते, त्यामुळे बोलणं कधीच पाहुणचारावर गेलं होतं. पप्पांनी विचारलं, "पाण्याचं कसं?"

"बोर हाय की, अप्पा. लई पाणी."

पप्पांनी मान हलवली. त्याच संध्याकाळी इसार दिला. शब्द बांधला गेला.

घरी आल्यावर मम्मीनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "मोटर लावून बघितलीत का?"

"एका मठाचे आपण. मोटर लावून दाखवा म्हणायचं म्हणजे तोंडावर खोटं ठरवल्यासारखं. त्यांनी काय म्हटलं असतं?"

मी समोरच बसले होते. अजून खरेदीखत झालं नव्हतं. जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगितलं असतं तरी पुरलं असतं. पण ओळख नसलेल्या दोन बायकांचं चोरून ऐकलेलं बोलणं पप्पांपुढे पुरावा म्हणून कसं ठेवायचं, हा विचार मी करत राहिले. मग सुट्टी संपली आणि मी नांदेडची बस पकडली.

जमीन विकली गेली, खरेदीखत झालं. पुढचे दोन पावसाळे कोरडे गेले.

दुसऱ्या पावसाळ्यात खालच्या बिऱ्हाडात सरकारी दवाखान्यातल्या एक सिस्टर राहायला आल्या होत्या, सोबत त्यांची म्हातारी आई. थंडीपर्यंत ठीक चाललं. फेब्रुवारीत मोटर लावली की नळातून आधी हवा, मग गढूळ धार, मग परत हवा यायला लागली. मार्चमध्ये नुसती हवा. मी पप्पांबरोबर गेले तेव्हा सिस्टर नाइट ड्युटी करून आल्या होत्या आणि झोपायचं सोडून टँकरची वाट बघत पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या ड्रमलाही आता कुलूप होतं. टँकर येऊन गेल्यावर कुणीतरी पाणी काढून नेतं, म्हणाल्या. एवढं असूनही त्यांनी चहा केला. "घ्या हो ताई, विकतच्या जारचं पाणी हाय."

वर्ष पुरं व्हायच्या आत त्यांनी घर सोडलं. दवाखान्याजवळ, भाडं जास्त पण नगरपालिकेचा नळ असलेली खोली बघितली. किल्ली देताना पप्पांना म्हणाल्या, "काका, घर वाईट नाही. पण ड्युटी करावी का पाणी भरावं, एक काहीतरी होतंय." पप्पांनी किल्ली घेतली. त्याच उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आलं. जिल्ह्याचं बोलणं हळूहळू दुकानातून नाहीसं झालं. गल्लीत 'घर विकणे आहे' अशा पाट्या वाढल्या, त्यांत एक आमची.

आता मी नांदेडला नोकरी करते. ऑफिसातले लोक फ्लॅट, प्लॉट बघायला लागले की मला विचारतात आणि मी सांगते. घर भर उन्हाळ्यात, दुपारी बघावं. मालक सोबत नसताना एकदा परत जावं. शेजारच्या बायकांशी बोलावं, दारासमोर काय ठेवलंय ते बघावं. जे सरकारनं अजून कागदावर आणलेलं नाही त्याची किंमत मोजू नये. पहिला भाडेकरू कोण असेल आणि तो रोज सकाळी काय करेल, हे डोळ्यासमोर आणावं. लोक म्हणतात, तुला बरंच कळतं. मी विषय बदलते. हे सगळं मला धुण्याच्या दगडापाशी पाच मिनिटांत कळण्यासारखं होतं, आणि मम्मीची जमीन तेव्हा अजून तिच्याच नावावर होती.

मग एका वर्षी चांगला पाऊस झाला. भाद्रपदात पप्पांचा फोन आला. गिऱ्हाईक मिळालं होतं. नायगावच्या, बालवाडीतून निवृत्त झालेल्या एक बाई, एकट्या, मठातल्याच ओळखीतून आलेल्या. एका बिऱ्हाडात स्वतः राहायचं आणि दुसऱ्याच्या भाड्यावर भागवायचं, असा त्यांचा हिशेब होता. उदगीरला जाताना गाडीत पप्पा म्हणाले, "आज जमलं तर मम्मीच्या नावानं परत कायतरी घेता येईल. तू नुसत्या खोल्या दाखव."

मी खोल्या दाखवल्या. बाईंनी प्रत्येक खिडकी उघडून बघितली, ओट्यावरून हात फिरवला, देवघर कुठं करायचं ते ठरवलं. मग पप्पांना विचारलं, "पाण्याचं काय, अप्पा?"

"बोर हाय," पप्पा भिंतीकडे बघत म्हणाले.

"मग झालं. तुमच्यासारख्या माणसाचं घर म्हटल्यावर अजून काय बघायचं?" असं म्हणून त्या पर्स उघडायला लागल्या.

पप्पांनी माझ्याकडे बघितलं. त्या वेळी मी वाक्य जुळवत बसले नाही.

"मावशी, मार्चनंतर ह्या बोरला पाणी राहत नाही. आमच्या भाडेकरू त्याच्यामुळंच गेल्या. तुम्ही आज इसार देऊ नका."