विहीणबाईंची सॅक

आमच्या विहीणबाईंइतकं हट्टी माणूस मी कऱ्हाडला पाहिलं नाही आणि अमेरिकेतही पाहिलं नाही. हट्टी माणसं पुष्कळ असतात, पण ती कधी ना कधी दमतात. या दमत नाहीत, समोरच्याला दमवतात. माझ्या मुलीच्या या सासूबाई. मूळच्या पुण्याच्या, डॉक्टर, आणि उभा जन्म न्यू जर्सीतल्या इस्पितळात ऑपरेशनच्या आधी लोकांना भूल द्यायचं काम केलेल्या. कुणी भेटलं की नमस्कार नाही, हात हातात घेणं नाही. थेट मनगट धरतात आणि नाडी बघतात. मुलीच्या लग्नात मी तांब्या-ताम्हण घेऊन त्यांचे पाय धुवायला खाली बसले. मुलाच्या आईचे पाय धुवायचे ही आमच्याकडची रीत. तर त्यांनी पाय खुर्चीवर ओढून घेतले, माझं मनगट धरलं आणि भर हॉलमध्ये म्हणाल्या, "विहीणबाई, ठोके फार जलद आहेत. तुम्ही खुर्चीवर बसा आणि आधी काहीतरी खा." भटजी तोंडाकडे बघत राहिले. मला राग आला. पण सकाळपासून मी काही खाल्लं नव्हतं हेही खरं होतं.

चाकं लावलेल्या बॅगांचा त्यांना मनापासून तिटकारा. "माझ्याकडे माणसं चाकांवरूनच यायची," असं म्हणतात. "धडधाकट माणसाला चाकं कशाला?" म्हणून बाजारहाट असो की विमानाचा प्रवास, पाठीवर सॅक. एडिसनमध्ये आमच्या घरापासून त्यांचं घर जवळच आहे. मी मुलाकडे राहते, त्या एकट्या राहतात. व्याही गेल्यापासून त्या मोठ्या घरात त्या, त्यांची पुस्तकं आणि मागच्या अंगणातली मिरचीची रोपं. स्वयंपाक वाईट करतात आणि तो वाईट झालाय हे कबूल करत नाहीत. एकदा पिठल्याचे तुकडे पडत होते, तर म्हणाल्या, "हे असंच असतं." मी म्हटलं, "नसतं." त्यांनी मला आणखी एक तुकडा वाढला.

मग त्यांनी गाडी शेजाऱ्याच्या पत्रपेटीवर घातली. पेटी आडवी झाली, गाडीचा दिवा फुटला, त्यांना खरचटलंसुद्धा नाही. पण ही बातमी कॅलिफोर्नियात सांता क्लाराला पोचली आणि माझी मुलगी नि जावई तिथून विमानानं आले. जावई इथेच जन्मलेले, स्वभावानं गरीब. जेवताना म्हणाले, "मॉम, घर सेल करू. तू आमच्याकडे ये. आय कान्ट वरी लाइक धिस एव्हरी डे." विहीणबाईंनी भाताचा घास संपवला. म्हणाल्या, "पेटी वाकडीच होती." शेवटी त्यांनीच अट घातली. इस्पितळातल्या दोन मैत्रिणींबरोबर त्यांचा जुना बेत होता, की कॉलेजातली पोरं पाठीला पिशव्या लावून ग्रीसची बेटं हिंडतात तशी आपणही हिंडायची. "मी जाते," म्हणाल्या. "माझी सॅक मी वाहीन. एकदा जरी दुसऱ्या कुणाला ती उचलावी लागली, तर घर विकून टाक, मी तुझ्याकडे येते. नाही लागली, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." जावयांनी विचार केला आणि माझ्याकडे बघितलं. "आई, तुम्ही जा तिच्याबरोबर. मॉम स्टोऱ्या सांगेल. तुम्ही खरं सांगाल." मी चौथी शिकलेली बाई, ग्रीस कुठल्या दिशेला हेही मला ठाऊक नव्हतं. पण तोंडावर खरं बोलायची माझी ख्याती सांता क्लारापर्यंत गेलेली. भांडी घासताना माझी मुलगी जवळ येऊन हळूच म्हणाली, "आई, कुठेतरी एकदा उचल ती सॅक. त्यांच्याच भल्यासाठी. एकट्या पडल्या तर काय करणार गं आपण?" मी म्हटलं, "बघू."

विहीणबाईंनी सराव सुरू केला. सॅकमध्ये तूरडाळीच्या आणि तांदळाच्या पिशव्या भरून रोज ओक ट्री रोडवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. साड्यांच्या दुकानातल्या मुलीला वाटलं, म्हातारी घरातून निघून आली. ती धावत बाहेर आली, "आंटी, कहाँ जाना है? राइड दूँ?" "ग्रीस," विहीणबाई म्हणाल्या आणि पुढे निघाल्या. मी एकदा आमटीला त्यातली थोडी डाळ मागितली, तर म्हणाल्या, "ती सरावाची आहे."

निघालो आम्ही चौघी: विहीणबाई, नागपूरच्या एक डॉक्टरीणबाई, केरळची एक नर्स आणि मी. माझ्या पाठीला नातवाची जुनी शाळेची सॅक, तिच्यावर डायनोसॉर. बोटीतून बेटाबेटांवर हिंडलो. बोटीचं दार उघडलं की तरुण पोरं धक्काबुक्की करत उतरायची आणि त्यांच्यामधून विहीणबाई पाठीवरच्या गाठोड्यासह काठी टेकत चालायच्या. कुणी मदतीला हात पुढे केला, की त्याचंच मनगट धरायच्या. एक धिप्पाड जर्मन पोरगा त्यामुळे फार घाबरला. खोलीवर आम्ही दोघी एकमेकींना विहीणबाई म्हणायचो, तेव्हा घरमालकिणीला वाटलं हा आमच्याकडचा नमस्कारच. तीही रोज सकाळी पावाची टोपली ठेवताना आम्हा चौघींना "विहीणबाई, विहीणबाई" म्हणायची. नागपूरच्या बाई हसून हसून बेजार. "आता माझा पण मान करा ना जी," म्हणायच्या.

नॅक्सोस नावाच्या बेटावर समुद्राकाठी एका टेकाडावर नुसतं एक दार उभं आहे. उंच, संगमरवरी. देऊळ पडून गेलं, की बांधायचंच राहिलं, दार तेवढं राहिलं. माणसं त्यातून फोटो काढत होती. विहीणबाई बराच वेळ त्याखाली उभ्या होत्या. मी म्हटलं, "काय बघताय? घर तर गेलंय." त्या म्हणाल्या, "माझ्या घराला अजून भिंती आहेत." तेव्हा मला कळलं की सगळी बेटं त्या आपलं घर राहणार की जाणार याच हिशेबानं बघतायत.

शेवटी अथेन्सला आलो. डोंगरावर ते जुनं देऊळ आणि त्याच्या पायथ्याशी जुन्या शहराच्या गल्ल्या. आमची खोली तिथेच वर होती. गल्लीच्या पुढे पुढे पायऱ्या होत गेल्या, गुळगुळीत, माणसांनी चालून चालून झिजवलेल्या. ऊन तापलं होतं. मैत्रिणी किल्ली घ्यायला पुढे गेल्या. अर्ध्या वाटेवर विहीणबाईंचा गुडघा अडकला. पाय वाकेना की सरळ होईना. सॅक उतरवून त्या पायरीवर बसल्या. तोंड पांढरं झालेलं. मी पहिल्यांदा त्यांची नाडी बघायला हात पुढे केला आणि त्यांनी बघू दिली. नाडीतलं मला काही कळत नाही, पण हात थंड होता.

"उचला, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "हरले मी."

"नाही उचलत."

"का?"

"माझी पाठ दुखते."

"तुमची पाठ घोड्यासारखी आहे."

"माझी पाठ मला माहीत."

मुलीचं बोलणं माझ्या कानात होतंच. मुलाच्या आईचं सामान मुलीच्या आईनं उचलायचं, हेही लहानपणापासून अंगात मुरलेलं. हात शिवशिवत होते, म्हणून ते मी पदराखाली धरून बसले. बाजूच्या खानावळीतल्या माणसानं पाणी आणून दिलं. ते पिऊन होईपर्यंत मैत्रिणी परत आल्या आणि नागपूरच्या बाई "अरे देवा, काय झालं जी?" म्हणत सॅककडे वाकल्या. मी ओरडले, "हात लावायचा नाही!" इतक्या जोरात, की खानावळीतला माणूस पुन्हा बाहेर आला.

विहीणबाईंना मग काय सुचलं कोण जाणे. वरच्या पायरीवर दोन्ही हात टेकून त्यांनी अंग वर घेतलं आणि तिथे बसल्या. सॅकचा पट्टा ओढून तीही वर घेतली. मग आणखी एक पायरी. तोंड खालच्या शहराकडे, पाठ देवळाकडे, अशा बसून बसून त्या चढू लागल्या. रांगणारं मूल जिना उतरतं, त्याच्या उलट. वाटेतले प्रवासी भिंतीला चिकटून वाट देत होते. कुणी हसलं नाही. नर्सबाई रडत होत्या. विहीणबाई मात्र एकीकडे शहर बघत होत्या. "उभं राहून चढलं असतं तर हे दिसलं नसतं," म्हणाल्या. खोलीच्या उंबऱ्यापर्यंत सॅक त्यांनीच आणली.

जावयांचा फोन आला. मी सांगितलं, "सॅकला कुणी हात लावला नाही. पण शेवटचा चढ त्या बसून चढल्या. गुडघा अडकला होता."

"बसून?"

"बसून. आणि 'हरले' असंही म्हणाल्या होत्या. पण मी उचलली नाही."

मग जावई म्हणाले, "ओके, आई." दिला शब्द त्यांनी पाळला. घराचा विषय पुन्हा काढला नाही. मुलगी मात्र माझ्याशी पुष्कळ दिवस तुटक बोलत होती. एकदा म्हणाली, "उद्या त्या घरात त्यांना काही झालं, तर तुझ्यामुळे झालं असं मी म्हणेन." "म्हण," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण बर्फ पडलं की सकाळी पहिला फोन मी विहीणबाईंना करते. गाडी आता त्यांनी स्वतःहून सोडली आहे. जिथे जायचं तिथे पायी जातात, पूर्वीपेक्षा फारच हळू.

कऱ्हाडचं माझं घर, आमचे हे वारले त्या वर्षीच बंद झालं. मुलगा आला, भांडी नातेवाइकांत वाटली, किल्ली दिराकडे दिली. मला कुणी अट घातली नाही आणि अट घालता येते हे मला ठाऊक नव्हतं. मुलाचं घर चांगलं आहे, सून चांगली आहे. माझी तक्रार नाही. फक्त दुपारी डोळा लागला, की बाहेर पावलं वाजली तरी मी उठून बसते.

गुरुवारी मी विहीणबाईंकडे जाते. मी भाजी चिरते, त्या आरामखुर्चीत बसून मला बेटांची नावं सांगतात, चुकीच्या क्रमानं, आणि चूक दाखवली की भांडतात. भांडता भांडताच कधीतरी त्यांना झोप लागते. तोंड उघडं, चष्मा छातीवर, एक चप्पल पायातून गळून पडलेली. दारावरून गाड्या जातात, फोन वाजतो, कुकरची शिट्टी होते. त्यांना काही ऐकू येत नाही. स्वतःच्या घरात माणसाला झोप कशी लागते, ते मी बघत बसते. गॅस बारीक करते आणि उठवत नाही.