वेंकी सगळ्यात जास्त कुणाचा?

माणूस गेला की त्याचे किस्से वाढायला लागतात. वेंकी राव जिवंत होता तेव्हा त्याच्याबद्दल आम्हाला फार तर चार गोष्टी ठाऊक होत्या. तंजावूरचा मराठी मुलगा, केस खांद्यापर्यंत, हातात गिटार, आणि कॉलेजच्या गॅदरिंगला असा गायचा की मागच्या भिंतीवर बसलेली पोरं खाली पडायची. काविळीनं गेला. तेव्हापासून आम्ही त्याचे चाहते रोज संध्याकाळी गोपाळरावांच्या कॅसेटच्या दुकानापुढे जमतो आणि रोज नवा किस्सा निघतो. यातले निम्मे खोटे आहेत, अशी माझी खात्री आहे. ज्यांत मी नाही, ते!

*

मुरलीचंच बघा. एका लग्नात वेंकीनं घाम पुसलेला टॉवेल लोकांत फेकला, तो मुरलीनं झेलला. अजून धुतलेला नाही.

"अरे, वास येतो त्याला!" मी म्हणालो.

"येणारच. त्याचा आहे!"

मी त्या दिवशी मुरलीच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. टॉवेल आला तेव्हा खाली वाकून चप्पल शोधत होतो. तेव्हापासून लग्नात मी चप्पल काढत नाही.

*

गोपाळरावांकडे याहून भारी माल आहे. वेंकीची पहिली कॅसेट त्यांच्या दुकानामागच्या खोलीत रेकॉर्ड झाली. गाणं ऐन रंगात आलं आणि आत त्यांच्या बायकोचा कुकर वाजला! गोपाळराव कपाळाला हात लावून टेप बंद करायला धावले.

वेंकी म्हणाला, "राहू द्या मामा. आमच्या बँडच्या ड्रमरपेक्षा ताल बरा आहे."

ती शिट्टी कॅसेटमध्ये आहे. पुढे स्टेजवर ते गाणं आलं की सगळं पब्लिक शिट्टी मारायचं. त्या कुकरचा आता काय मान सांगू! हळदीकुंकवाला आलेल्या बायकासुद्धा बघून जातात. आमच्याही घरी त्याच कंपनीचा कुकर आहे, पण त्याला कोण विचारतो?

*

सर्वांत जास्त राग मला सरस्वतीचा येतो. तिचा एसटीडी बूथ. वेंकी नवी चाल सुचली की तिच्याकडे येऊन मद्रासला कुणाला तरी फोनवर गाऊन दाखवायचा. म्हणजे आम्ही ज्या गाण्यासाठी महिनोन् महिने ताटकळायचो, ते ही बाई काचेपलीकडून आधीच ऐकून बसलेली!

"गाताना डोळे मीटरवर असायचे," ती सांगते. "मीटर पळायला लागला की कडवं गाळायचा."

"फोन कुणाला करायचा?"

"ते मी कसं सांगू, अण्णा? तो माझ्यावर विश्वास ठेवायचा."

हे म्हणताना ती हसते. मुद्दाम.

*

माझाही एक किस्सा आहे. भर कार्यक्रमात गाणं थांबवून वेंकीनं माझ्याकडे बोट दाखवलं आणि माइकमधून हाक मारली, "अण्णा!" हजार डोकी माझ्याकडे वळली! मी किस्सा इथेच थांबवतो. पुढे तो "वायरीवरनं पाय काढा" असं म्हणाला, ते कुणाला सांगायची गरज नाही.

*

आता दहाव्याचं सांगतो. वेण्णार नदीच्या काठी पिंड ठेवला, कावळा समोरच्या माडावर बसलेला, पण शिवेना. वेंकीचा जीव कशात अडकला असेल? प्रत्येकाला वाटत होतं, माझ्याच शब्दावर कावळा उतरणार. म्हणजे वेंकी सगळ्यात जास्त कुणाचा, याचा निकालच!

गोपाळराव पुढे झाले. "तुझी कॅसेट दुकानात रोज वाजेल रे." कावळा पंख साफ करत बसला. मला आतून बरं वाटलं. कावळा शिवू नये म्हणून देवाचा धावा करणारा त्या घाटावर मी एकटाच असेन! मुरली रडून रडून काहीबाही बोलला. काही नाही. मग मी हात जोडले, "दर रविवारी तुझ्या आईंना भेटायला जाईन." कावळ्यानं माझ्याकडे पाठ केली.

शेवटी ड्रमर ओरडला, "वेंकी, काळजी नको! बँड बंद पडणार नाही. तुझ्या जागी कुंभकोणमचा सेल्वम गाईल!"

कावळा उडाला तो थेट माडाच्या शेंड्यावर.

आता मात्र भटजीसुद्धा घाबरले. तेव्हा वेंकीच्या आई पदरानं डोळे पुसत पुढे आल्या. वर बघून म्हणाल्या, "अय्यो कण्णा, तो सेल्वम कसला गातोय डा! श्रुती तरी जमते का त्याला?"

कावळा शेंड्यावरून सरळ पिंडावर!

माझ्या शेजारी उभ्या असलेल्या सेल्वमनं सगळ्यांच्या आधी हात जोडले.