रायफली बसवणारा अरविंद

अरविंद गेल्याची बातमी मला दोनदा मिळाली. पहिली खरी होती, दुसरी खोटी. पहिली आली तेव्हा माझे प्रातःसंध्यावंदन नुकतेच आटोपले होते. त्याच्या कार्यशाळेतील सहकारी बिजूचा दूरध्वनी होता. "पंडितजी, अरविंदभाई काम करते करते बैठ गया... फिर उठा नहीं." अरविंद माझ्या पत्नीचा धाकटा भाऊ. लहानपणी ज्याला मी रूपावली पाठ करायला बसवले आणि जो प्रत्येक वेळी द्वितीयेला अडखळून पळून गेला, तो माझ्याआधी गेला.

दुसरी बातमी मिळाली ती शोकसभेत, शारजाच्या रोल्ला भागात, पाटणकरांच्या दिवाणखान्यात. पाटणकर बँकेत अधिकारी आहेत, आमच्या मराठी मंडळींचे सर्व सणसमारंभ त्यांच्याच घरी होतात. ते उभे राहिले, घसा खाकरला आणि म्हणाले, "आपले अरविंदराव स्पोर्ट्स गुड्सच्या लाइनमध्ये सीनियर इंजिनिअर होते. गोल्फ, टेनिस वगैरे..." सर्वांनी गंभीरपणे माना डोलावल्या. अरविंदची मुलगी मैत्रेयी माझ्या शेजारी बसली होती. इथेच वाढलेली मुलगी, रागावली की मराठी विसरते. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने कुजबुजली, "बाबा फिटेड हंटिंग रायफल्स, काका. व्हाय आर दे लाइंग?" तिच्या आईने, सुषमाने, तिचा हात घट्ट दाबला.

क्रोध हा षड्रिपूंतील दुसरा, असे मी आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवत आलो. त्या क्षणी तो माझ्या उजव्या हाताला येऊन बसला आणि आज काही आठवडे लोटल्यावरही उठलेला नाही. तो उठावा अशी माझी प्रार्थनाही नाही. मेलेल्या माणसाला खोटे नाव देऊन पोचवणे हा शिष्टाचार असेल, तर तो शिष्टाचार मला मान्य नाही.

अरविंद पुण्याचा यंत्र अभियंता. महाविद्यालयात असताना नेमबाजीची पदके मिळवलेला. नव्वदच्या दशकाच्या आरंभी तो शारजात आला आणि शिकारीचे साहित्य विकणाऱ्या एका दुकानात लागला. त्यानंतर दोन वर्षांनी इथे नोकरीला असलेल्या आमच्या मुलाच्या आग्रहाने आम्ही उभयता इकडे आलो. परवानाधारक अरबी गिऱ्हाईक नवी रायफल घेई आणि ती अरविंदच्या टेबलावर येई. खांद्याला टेकवायचा लाकडी दस्ता गिऱ्हाइकाच्या हाताच्या लांबीप्रमाणे कापणे, गाल टेकतो तिथे चढ देणे, नळीवर दुर्बीण बसवणे, आणि शेवटी मैदानात नेऊन नेम जुळवणे, हे त्याचे काम. या कामाला तो 'रायफल बसवणे' म्हणे, जशी आपण मूर्ती बसवतो. विनय त्याच्या अंगी नव्हता. "भाऊजी, अख्ख्या अमिरातीत माझ्या तोडीचा एक दाखवा. नाही सापडणार. शोधत बसा!" असे तो पहिल्या भेटीतच कोणालाही ऐकवत असे आणि ते बहुधा खरेच होते.

मी त्याच्याशी भांडलो, हे लपवत नाही. शिकार मला तेव्हाही अधर्म वाटत होती आणि आजही वाटते. एकदा जेवताना मी म्हणालो, "अरविंद, ज्या हातांनी आईच्या अस्थी विसर्जित केल्यास, त्या हातांनी हे करतोस?" त्याने ताटातून मान वर केली नाही. वरणभात कालवत म्हणाला, "भाऊजी, शेख शिकार करणारच. तुम्ही उपास धरलात तरी करणार. नेम दोन बोटे चुकला तर हरीण मरत नाही. पोटात गोळी घेऊन पळतं. रात्रभर कुठल्या तरी झुडपात तडफडतं. ते पाप कोणाच्या खाती? शेखच्या नाही. माझ्या." मग माझ्या पत्नीकडे ताट सरकवून म्हणाला, "ताई, भाऊजींना तूप वाढ. डोकं थंड राहील." त्या दिवशी मी निरुत्तर झालो नाही. माझ्याजवळ उत्तरे होती. पण ती सर्व माणसांविषयी होती आणि तो त्या हरणाविषयी बोलत होता.

त्याचे काम मी एकदाच आरंभापासून अंतापर्यंत पाहिले. अबू राशिद नावाच्या एका वृद्धासाठी त्याच्या मुलाने नवी रायफल विकत घेतली होती. बापलेक शिकारीसाठी परदेशी निघाले होते. मुलगा दारातच उभा राहून म्हणत होता, "यल्ला अरविंद, जल्दी करो, परसों फ्लाइट है. जैसा है वैसा दे दो." दुकानाचा व्यवस्थापकही त्याच्या बाजूचा. अरविंद म्हणाला, "बंदूक किसका? बाबा का. तो बाबा को लाओ. बाबा नहीं, तो बंदूक भी नहीं." व्यवस्थापकाने नोकरीची आठवण करून दिली. नोकरी गेली की इथे व्हिसा जातो, व्हिसा गेला की मुलीची शाळा जाते, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होते. अरविंदने रायफल कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली शर्टाच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी म्हातारा आला. हसतमुख, अंगात पांढरा पायघोळ कंदुरा, हातात काठी. अरविंदने त्याला उभे केले. "बाबा, आँख बंद करो. अब कंधे पे लगाओ. आराम से. अब खोलो... क्या दिखता?"

"काला."

"पूरा काला?"

"पूरा काला, हबीबी. ये आँख खलास!" म्हातारा खो खो हसला. त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती आणि हे त्याने घरात कोणाला सांगितलेले नव्हते. अरविंदने रायफल काढून डाव्या खांद्याला दिली, आणि मग दिवसभर तो दस्ता घासत, दुर्बीण मागेपुढे सरकवत, म्हाताऱ्याला पुन्हा पुन्हा डोळे मिटायला लावत बसला. संध्याकाळी वाळवंटातल्या नेमबाजीच्या मैदानावर नेम जुळला तेव्हा तो माझ्याकडे वळून ओरडला, "भाऊजी, शून्य झाली! तुमच्या शास्त्रात शून्य म्हणजे काही नाही. आमच्यात शून्य म्हणजे बघतो तिथेच लागतं!" मी त्याला म्हणालो, "मूर्खा, लक्ष आणि लक्ष्य एकाच धातूपासून झाले आहेत. हे द्वितीयेला पळाला नसतास तर तुला तेव्हाच कळले असते." शिकार मान्य नसलेला मी त्या दिवशी आनंदित झालो होतो, हेही इथे नोंदवले पाहिजे.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीची ही गोष्ट. पूजा पाटणकरांकडे, पौरोहित्य माझ्याकडे. चौरंगावर प्रत्येकाने आपापले साधन मांडले होते. डॉक्टरीणबाईंचा स्टेथोस्कोप, कोणाचा कॅल्क्युलेटर, कोणाच्या गाडीची किल्ली, पाटणकरांच्या संगणकाचा कीबोर्ड. शस्त्र म्हणून मधोमध ठेवला होता बाजारात पर्यटकांसाठी विकतात तो पितळी खंजीर, बोथट, म्यानाला चिकटवलेला. अरविंद आपल्या अवजारांची लाकडी पेटी घेऊन आला. बंदूक नव्हे. पेचकस, कानस, दुर्बिणीची कडी, इतकेच. पाटणकर दारातच हसून म्हणाले, "अरविंदराव, ते जरा शू-रॅकपाशी ठेवता का, प्लीज? आपण सगळे व्हेजिटेरियन लोक... आणि घरात पूजा आहे ना."

शस्त्रपूजेच्या दिवशी, शस्त्रांचे काम करणाऱ्या एकमेव माणसाची साधने चपलांपाशी! आणि चौरंगावर म्यानातून न निघणारा खंजीर! मी पळी खाली ठेवली. म्हणालो, "पाटणकर, ती पेटी इथे येईपर्यंत संकल्प होणार नाही. आज ज्याची पूजा आहे ते बाहेर आणि ज्याची नाही ते आत, अशी पूजा मला येत नाही." लहानगी मैत्रेयी बापाचा हात धरून उभी होती. तेव्हा अरविंदच हसला. "राहू द्या भाऊजी. पाटणकरांच्या कीबोर्डनं आजवर जितके लोक घायाळ केलेत, तितके माझ्या सगळ्या रायफलींना मिळून जमले नाहीत. त्याची पूजा आधी. यल्ला, सुरू करा, शिरा गार होतोय." सगळे सुटकेने हसले. तो पेटी गाडीत ठेवायला गेला... आणि परत आलाच नाही. पूजा तशीच राहिली. मी आसन गुंडाळले. त्यानंतर पाटणकरांच्या चौरंगापुढे मी बसलो नाही.

त्याच घरात, त्याच माणसाने, अरविंदला मृत्यूनंतर गोल्फचे सामान विकायला लावले. म्हणून शोकसभेत मी उभा राहिलो. म्हणालो, "अरविंद शिकारीच्या रायफली बसवत असे. तुम्हाला त्याची लाज वाटत असेल तर वाटू द्या. पण ती तुमची लाज आहे, त्याच्या नावावर टाकू नका." पाटणकर म्हणाले, "काका, प्रसंग काय, तुम्ही बोलता काय! मैत्रेयीच्या भवितव्याचा तरी विचार करा." मैत्रेयी ताडकन उठली. तिने मराठीत सांगितले, "माझ्या भवितव्याला बाबांचं काम चालतं."

हा लेख मागताना वृत्तपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी अतिशय सौजन्याने विचारले, छायाचित्राखाली 'क्रीडासाहित्य तज्ज्ञ' असे घातले तर? मी त्यांना कळवले आहे की 'रायफली बसवणारा' हे दोन शब्द राहणार असतील, तरच लेख छापावा.

हे सर्व मी माझ्या बैठ्या मेजावर लिहितो आहे. पोथी वाचताना माझी मान दुखते असे पत्नीने सांगितल्यावर अरविंदने या मेजाचे पाय बदलून दिले होते. त्यासाठी मला मांडी घालून बसवले, माझ्या पाठीचे, मानेचे, नजरेचे माप घेतले आणि लाकूड कापले. मेज नेहमीपेक्षा चांगलेच उंच झाले आहे. घरी येणारे म्हणतात, विचित्र दिसते. दिसू दे. त्याच्यावर लिहिताना मला मान खाली घालावी लागत नाही.