सरांनी सोडून दिलेला शब्द

सरांचा सत्कार करायचं आम्ही ठरवलं तेव्हा सरांची वाचा गेलेली होती. आमचं सगळं असंच. माणूस धडधाकट होता, बोलायला लागला की थांबत नव्हता, तेव्हा आम्ही पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात आपापले संसार लावत बसलो होतो. त्याला लकवा झाला, उजवी बाजू गेली, तेव्हा आम्हाला शाल आणि नारळ आठवला. मला माझाच राग येतो म्हणून हे आधीच सांगून टाकते.

सर म्हणजे बीदरच्या आमच्या कॉलेजातले खो-खोचे सर. मी अकरावीला गेले त्या काळात कॉलेजात मुलींचा खेळ म्हणजे गॅदरिंगमधली संगीत खुर्ची. सरांनी मुलींचा खो-खोचा संघ काढायचा म्हटल्यावर प्राध्यापकांच्या खोलीत बराच हशा पिकला होता म्हणतात. सर धनगराच्या घरातले. वडील मेंढरं घेऊन पार हैदराबादच्या वाटेपर्यंत चालत जायचे. सर म्हणायचे, "मेंढरं आडवायची आसतील तर एकट्यानं पळून भागत न्हाई. एकानं पळायचं, दुसऱ्यानं जागा धरायची. खो-खो त्येच हाय, फकस्त मेंढरू शहाणं आसतंय."

घरोघर फिरून त्यांनी मुली गोळा केल्या. मुडबी गावात मराठीत बोलले, दुसऱ्या गावात कन्नडमध्ये, किल्ल्यापाशी दखनी उर्दूत. माझ्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चड्डी घालाव लागतीया का?" सर म्हणाले, "न्हाई अप्पा. पायघोळ पँट." तशी पँट बाजारात मिळत नव्हती. सरांच्या बायकोनं, आमच्या अक्कांनी, घरच्या मशीनवर सगळ्यांना निळ्या पँटी शिवल्या. त्या इतक्या सैल होत्या की पळताना फडफड आवाज यायचा, आणि दुसऱ्या कॉलेजच्या मुली आम्हाला पाहून तोंडावर हात ठेवायच्या. मग आम्ही त्यांना हरवायचो आणि तो हात तसाच राहायचा.

मैदान तांबड्या जांभ्याच्या मातीचं. पडलं की गुडघ्याला चटका आणि कपड्यांवर डाग, जो कुठल्याही साबणानं जात नाही. सर रेषेच्या कडेला उभे राहून ओरडायचे. "खो बेंबीतून येव द्या, ओठातून नगं." "पाठीला हात लागल्याबिगर खो म्हणू नगं." आणि सगळ्यात जास्त वेळा एकच शब्द, "बस!"

खो दिला की खो देणारीनं लगेच त्या जागेवर बसायचं, हा खेळाचा नियम. पण आम्हा मुलींना खो दिल्यावर उभं राहून बघायची खोड. पुढची तिला पकडते का, हे बघितल्याशिवाय जीव राहायचा नाही. सर ओरडायचे, "कामून हुभी राह्यलीस? बस! तुजं काम झालं. आता ती बघून घील."

पण मैदानावर हा शब्द एकच काम करत नव्हता. संध्याकाळी दिवे लागायची वेळ झाली, सराव थांबवायचा झाला, की सर दोन्ही हात वर करून दखनीत म्हणायचे, "बस, बस, हो गया." आणि आम्ही होतो तिथं थांबायचो. एक बस मराठीतला, एक दखनीतला. आवाजाच्या वळणावरून आम्हाला बरोबर कळायचं. आमच्याकडे सगळ्यांच्याच तोंडात तीन भाषा असतात, त्यामुळे यात काही घोटाळा होईल असं कुणाच्या मनातही आलं नाही.

आमच्यातली सगळ्यात वेगवान मुलगी मुडबीची होती. तिला सगळे मुडबीचीच म्हणायचे. शेतकऱ्याघरची, अबोल, पण खो मिळाला की बाणासारखी सुटायची. सरांना तिच्याबद्दल फार वाटायचं आणि ते लपवायची त्यांना काही सवय नव्हती. "ही पोरगी इद्यापीठाकडनं खेळंल," म्हणायचे. तिला ते ऐकून इतकी लाज वाटायची की ती बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसायची.

त्या वर्षी आम्ही गुलबर्ग्याला अंतिम सामन्यात पोचलो. निघायच्या आदल्या दिवशी संस्थेचे अध्यक्ष मैदानावर आले आणि आमच्यासमोर सरांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "एवढा कप आणा, तुमची नोकरी कायम करून टाकतो." सर तोपर्यंत तात्पुरते होते. दर वर्षी जूनमध्ये त्यांना ठेवायचं की नाही हे नव्यानं ठरायचं. अध्यक्ष हसत हसत बोलले होते, पण आम्ही ते हसण्यावारी नेलं नाही. जाताना बसमध्ये मुडबीची मला म्हणाली, "सरांचं काम व्हायला पायजे गं. माजं इद्यापीठ ऱ्हायलं तर ऱ्हायलं."

सामना शेवटच्या मिनिटात आला. समोरच्यांची एक मुलगी उरली होती आणि ती बाद झाली की कप आमचा. मी खांबाच्या बाजूच्या जागेवर बसले होते, सगळं डोळ्यांसमोर होतं. आमच्या एका मुलीनं मुडबीचीला खो दिला. मुडबीची सुटली. ती पळणारी आणि हिचा हात यांच्यात वीतभर अंतर राहिलं. आणि खो देणारी नेहमीच्या खोडीनं उभीच राहिली, बघत. ती बसली नाही तर पंच शिट्टी मारणार, हातातोंडाशी आलेला घास जाणार. सर जिवाच्या आकांतानं तिला ओरडले, "बस! बस!"

मैदानाभोवती गर्दी होती, आरडाओरडा होता. आवाजाचं वळण त्यात कुठं कळणार. मुडबीचीनं फक्त शब्द ऐकला. दोनदा. बस, बस. ती थांबली. हात वर करून थांबली आणि हसत सरांकडे वळली, जिंकलो असं समजून. समोरची मुलगी पळत पळत लांब गेली आणि मग वेळ संपल्याची शिट्टी झाली.

तिचं ते हसणं मला आजही दिसतं. हरल्याचं दुःख नंतरचं. आधी ते हसणं होतं, जे कुणीतरी पुसायला हवं होतं आणि आम्ही कुणीच जागचे हललो नाही.

परतीच्या बसमध्ये चढलो. सरांनी शेंगा घेतल्या होत्या, त्या सगळ्यांना वाटल्या. मुडबीचीपाशी आल्यावर तिच्या मांडीवर ओंजळभर टाकल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चूक हिची न्हाई. मी एकाच शब्दाला दोन कामं लावलो." ती खिडकीबाहेर बघत राहिली. शेंगा तिनं खाल्ल्या नाहीत.

त्यानंतर सरांच्या तोंडून तो शब्द मी ऐकला नाही. मैदानावर ते "कुंद्रु" म्हणायला लागले. कन्नडमध्ये बसायला सांगतात तसं. सराव संपवायला नुसती शिट्टी. घरी पाहुणा आला तरी "बैठो" म्हणायचे, नाहीतर हातानं खुर्ची दाखवायचे. आम्हाला वाटायचं, चार दिवस करतील आणि विसरतील. ते विसरले नाहीत. बोलणाऱ्या माणसानं रोजच्या बोलण्यातून असा साधा शब्द काढून टाकणं किती अवघड आहे, हे मी स्वतः एक दिवस करून पाहिलं. दुपारपर्यंतही जमलं नाही.

जूनमध्ये कायमच्या जागेवर दुसराच माणूस आला. कुणाचा तरी कुणीतरी होता. सरांना तात्पुरतं ठेवलं, आणि पुढे काही वर्षांनी तेही बंद केलं. तोवर त्यांनी मुलींचे कितीतरी संघ घडवले. एक मुलगी पोलिसात गेली, एक बसची कंडक्टर झाली. मी पुण्यात एका शाळेत खेळ शिकवते. माझ्या शाळेतली मुलं खो दिल्यावर उभी राहिली की मी "कुंद्रु" म्हणून ओरडते आणि ती बसतात. तो खो-खोच्या नियमांतलाच एखादा शब्द असेल असं त्यांना वाटतं. मीही कधी खुलासा केला नाही.

मुडबीची विद्यापीठाकडून खेळली नाही. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. नवरा कोळारच्या कारखान्यात, घरही तिकडंच, बीदरच्या कडेला. म्हणजे सगळ्यांत जवळ तीच होती. आम्ही लांबून सणावाराला आलो की सरांना भेटून जायचो, ती कधी गेली नाही. कॉलेजची नोकरी सुटल्यावर सर कोळारलाच एका गोदामाच्या फाटकावर राखणीला बसायला लागले. शिट्टीची सवय असलेला माणूस तिथंही गळ्यात शिट्टी घालून बसायचा. मुडबीचीनं त्यांना एकदा लांबून बघितलं आणि दळणाचा डबा घेऊन तशीच माघारी फिरली. तेव्हापासून ती गिरणीला पलीकडच्या रस्त्यानं जायची. हे तिनंच मला सांगितलं. "माज्यामुळं फाटकावर बसल्यात ते," म्हणाली. मी तिला खूप समजावलं, रागावले सुद्धा. अध्यक्षांनी दिलेला शब्द हा शब्दच नव्हता, कप आणला असता तरी दुसरी सबब निघाली असती, असं सांगितलं. ती ऐकून घ्यायची आणि विषय बदलायची.

सत्काराआधी मी अक्कांना भेटायला गेले. सर खाटेवर उशीला टेकून बसले होते. मला ओळखलं, डावा हात उचलला आणि म्हणाले, "बस."

मी इतकी दचकले की उभीच राहिले. अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "तेवढाच एक शब्द राह्यलाय बग. बाकी समदं गेलं. पाणी दिलं की बस, उठीवलं की बस, ऊन आलं तरी बस. काय पायजे ते मलाच वळखाव लागतंय." डॉक्टर म्हणाले होते, असं होतं, कुठला तरी एखादा शब्द राहतो. कुठला राहील हे आपल्या हातात नसतं. मला मात्र त्या राहिलेल्या शब्दाचा संताप आला. इतक्या वर्षांच्या बोलण्यातून नेमका हाच कसा राहिला? जो माणसानं कष्टानं टाकून दिला होता, तो सोडून बाकी सगळे गेले.

तिथून मी थेट कोळारला गेले आणि मुडबीचीला म्हणाले, उद्या आली नाहीस तर आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही. अक्कांनी सांगितलेलं मात्र मी तिला सांगितलं नाही. विसरले नव्हते. सांगवलं नाही.

सत्कार कॉलेजच्याच मैदानावर झाला. मांडव, खुर्च्या, हार. अध्यक्ष आता म्हातारे झाले होते, तेच प्रमुख पाहुणे. सरांनी संस्थेसाठी आयुष्य वाहिलं, असं ते माईकवर म्हणाले, आणि माझ्या हातातला नारळ मी कशी धरून राहिले ते माझं मला माहीत. सरांना चाकाच्या खुर्चीत बसवलं होतं. खांद्यावरची शाल घसरत होती, अक्का ती पुन्हापुन्हा वर ओढत होत्या. आम्ही एकेक जण जाऊन पाया पडलो. प्रत्येकीला त्यांनी बघितलं. तोंडातून काही आलं नाही, डोळ्यांतून मात्र पाणी गळत होतं.

मुडबीची सगळ्यांच्या मागे, मांडवाच्या खांबाला धरून उभी होती. केस पांढरे झालेले, पदर डोक्यावरून घट्ट. मी तिचा दंड धरला आणि पुढे आणलं. ती सरांच्या समोर उभी राहिली. पाया पडायलाही वाकली नाही, नुसती उभी राहिली, खाली बघत. सर तिच्याकडे खूप वेळ बघत होते. मग डावा हात हळूहळू वर गेला.

"बस," सर म्हणाले.

ती त्या तांबड्या मातीत, होती त्या जागी, मटकन खाली बसली आणि सरांच्या पायावर डोकं ठेवून रडली. इतकी मोठ्यानं की अध्यक्ष माईकपासून बाजूला झाले. मीही रडले. मला सगळं ठाऊक होतं तरी रडले.

संध्याकाळी तिला रिक्षात बसवताना तिनं माझा हात धरला. नव्या पातळाला मागे तांबडा डाग पडला होता, त्याचं तिला भान नव्हतं. "ऐकलीस न्हवं तू?" म्हणाली. "बस म्हणले मला. लई झालं, आता पुरं, आसं म्हणले."

माझ्या कानात अक्का बोलत होत्या. पाणी दिलं की बस, ऊन आलं तरी बस.

"व्हय," मी म्हणाले. "ऐकले की."

सर त्यानंतर वर्षभर होते. पुढं अक्कांचा फोन आला की त्या सांगायच्या, मुडबीची दर आठवड्याला कोळारहून येते. येते, सर "बस" म्हणतात, ती खाटेशी बसते. त्यांना भरवते, पाय चोळून देते. एकदा अक्का म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाला बस म्हणले तर काय पायजे ते मला समजत न्हाई. ती आली की तेवढं समजतंय."

म्हणजे पहिल्याच दिवशी, पाणी देताना, ऊन आल्यावर, तिनं तो शब्द ऐकला असणार. सगळ्यांसाठी, सगळ्यासाठी तो एकच शब्द आहे हे तिला तेव्हाच कळलं असणार. तरी ती जात राहिली. सर गेल्यावर आम्ही दोघी कितीदा भेटलो, कितीदा त्यांच्याबद्दल बोललो. अक्कांनी मला आधीच सांगितलं होतं हे मी तिला कधी सांगितलं नाही, आणि तिनंही मला कधी विचारलं नाही.