प्याला माझ्याकडे येई तेव्हा

ही गोष्ट मी पाळकसाहेबांना सांगितली नाही, मिशनच्या शाळेच्या मडमबाईंना सांगितली नाही, आणि खरं सांगायचं तर प्रार्थनेतही कधी धड सांगितली नाही. प्रार्थनेत मी म्हणते, माझ्या सगळ्या पापांची क्षमा कर. सगळ्या म्हटलं की एकेकाचं नाव घ्यावं लागत नाही — केवढी सोय! आज नाव घ्यायचं ठरवून बसले आहे. पण बघा, बसल्यापासून दोनदा चष्मा पुसून झाला.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत माझं नाव चांगलं आहे, हे आधी कळायला हवं. कोल्हापुरात मिशनच्या मुलींच्या शाळेत मी वीस वर्षांच्या वर शिकवलं. आठवडाभर लिहिणं-वाचणं आणि शिवण, आणि रविवारी शील. शील म्हणजे ख्रिस्ती माणसाचा स्वभाव कसा घडावा ते — सोसावं कसं, क्षमा कशी करावी, 'मी' कसा सोडावा. मुली म्हणायच्या, रूथबाई शिकवायला लागल्या की देव शेजारी येऊन बसल्यासारखा वाटतो. ते ऐकलं की मी मान खाली घालायची. मान खाली घातली की माणूस नम्र दिसतो, हे मला फार लवकर कळलं होतं.

मी मूळची शिरोळकडची. मराठ्याचं घर, नदीकाठची जमीन. एकोणिसाव्या वर्षी विधवा झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी प्लेगची आवई उठली, गाव उठून शेतात छपरं घालून राहायला गेलं, आणि नेमका मला ताप भरला. गाठ नव्हती, साधाच ताप होता — पण त्या दिवसांत तपासत कोण बसतो? दीर-जावा मला घरात ठेवून निघून गेले. मिशनच्या लोकांनी बैलगाडीत घालून कोल्हापूरला आणलं आणि गावाबाहेरच्या त्यांच्या दवाखान्याच्या छपरात टाकलं. तिथं सगुणाबाई होत्या.

सगुणाबाई महारवाड्यातल्या. माझ्या आधी दहा वर्षं त्या ख्रिस्ती झालेल्या. माझ्याहून वयानं बऱ्याच मोठ्या. आता लिहिताना 'त्या' म्हणते आहे. तेव्हा मी त्यांना 'तू' म्हणायची आणि त्या मला 'तुमी'. बाप्तिस्मा झाल्यावरही कितीतरी दिवस हे असंच चाललं आणि त्यात काही चुकतंय असं मला वाटलं नाही.

त्यांनी माझी घाण काढली. मला पेज भरवली. पाणी पाजलं — हो, त्यांच्या हातचं पाणी मी प्याले आहे, घटाघटा प्याले आहे. शुद्धीवर आल्यावर त्या कोण ते कळलं आणि मी भिंतीकडे तोंड केलं. त्यांनी पाहिलं असेल का? तेव्हा वाटलं, नसेल.

प्रार्थना करायला मला त्यांनीच शिकवलं. मी म्हणाले होते, देवाशी काय बोलायचं मला माहीत नाही. तर हसल्या. म्हणाल्या, "मनात हाय ते बोला की! त्यो काय पावणा हाय व्हय, नीटनेटकं बोलायला?" इतकी वर्षं झाली, एवढी सोपी गोष्ट मला दुसऱ्या कोणीही सांगितलेली नाही. मी खरोखर बोलायला लागले, आणि खरोखर कोणीतरी ऐकतंय असं वाटायला लागलं. माझा विश्वास खोटा नव्हता. तो खोटा असता तर हे सगळं किती सोपं झालं असतं!

मी पुष्कळ सोडलं होतं. सासर सोडलं, माहेरानं मला सोडलं, भावानं माझ्या नावानं आंघोळ केली. आणि 'मी सगळं सोडलं' हे मी लोकांना सांगतही असे. सगळं? आता सांगते काय सोडलं नव्हतं ते.

आमच्या देवळात तीन महिन्यांतून एकदा प्रभुभोजन असे. भाकर मोडून वाटायची, मग द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्यांत फिरायचा. बायका डाव्या बाजूला जाजमावर बसत. सगुणाबाई लवकर येऊन झाडलोट करायच्या, म्हणून त्या पहिल्या जागेवर, खांबाशी. शेजारी मी. प्याला आधी त्यांच्याकडे येई, त्या डोळे मिटून एक घोट घेत आणि माझ्या हातात देत.

मी तो घेई. ओठांना लावी. थोडा तिरपा करी. आणि ओठ — ओठ मिटलेले ठेवी. रस ओठांना लागून परत जाई. मग पदरानं तोंड टिपून मी प्याला पुढे देई. एकदा नाही, दोनदा नाही. वर्षातून चारदा, किती तरी वर्षं.

का? मला ठाऊक होतं सगळं. देवापुढे सगळे सारखे, हे मीच तर मुलींना शिकवायची! डोकं कबूल होतं, मन कबूल होतं. तोंड उघडत नव्हतं. मी दरवेळी ठरवून जाई की या खेपेला पिणार, आणि त्यांच्या ओठांचा ओला ठसा काठावर दिसला की ओठ आपोआप मिटत. मग घरी येऊन मी दुप्पट प्रार्थना करी. कशाची? शीलात वाढ व्हावी म्हणून. हसू येतं ना? मला येत नाही.

जागा बदलता आली असती, असं तुम्हाला वाटेल. पण रूथबाई सगुणाबाईंजवळून का उठल्या, असं कोणी विचारलं असतं तर? मला माझं चांगलं नाव हवं होतं आणि माझा विटाळही हवा होता. दोन्ही.

एका रविवारी उपासना सुटल्यावर पायरीशी सगुणाबाई थांबल्या होत्या. आजूबाजूला कोणी नव्हतं. त्या हळूच म्हणाल्या, "बाई, तुमास्नी तरास हुतोय न्हवं? म्या मागं बसत जाईन की. तुमी पोटभर घ्या."

राग नव्हता हो आवाजात! असता तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित पायही धरले असते. मला वेळ होता. त्या उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. आणि मी म्हणाले, "बरं."

एवढंच. बरं.

पुढच्या प्रभुभोजनाला त्या सगळ्यांच्या मागे, दाराशी जाऊन बसल्या. प्याला सगळ्यांत आधी माझ्याकडे आला. कोरडा, स्वच्छ काठ. मी प्याले, आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला वाटलं, देव आज किती जवळ आला! मी ते खरंच देवाचं सान्निध्य समजले. शेजारच्या बायकांनीही तसंच समजून माझ्या पाठीवर हात ठेवला.

पाळकसाहेब भला माणूस. त्यांनी मला विचारलं, सगुणाबाई मागे का बसतात, कोणी काही बोललं का? बघा, दार पुन्हा उघडलं होतं. मी म्हणाले, "नाही, कोणी काही बोललं नाही. त्यांचा स्वभावच तसा. शेवटची जागा त्यांना आवडते."

पुढच्या रविवारी त्यांनी उपदेशात हेच सांगितलं. आपल्यामध्येच एक बहीण आहे, म्हणाले, जिनं पहिली जागा आपण होऊन सोडली. नम्रता पाहायची तर तिच्याकडे पाहा. सगळ्या माना मागे वळल्या. माझीही वळली — वळवावी लागली. सगुणाबाईंनी पदर पुढे ओढला आणि खाली जाजमाकडे बघत राहिल्या. लोकांना त्यात आणखी नम्रता दिसली. मीही शाळेत तो दाखला वापरला. मुलींना फार आवडायचा, म्हणून दरवर्षी वापरला.

अशी वर्षं गेली. शाहूपुरीची पेठ आमच्या डोळ्यांदेखत वसली. राज्यात काय काय बदललं! अस्पृश्याच्या दुकानात बसून स्वतः महाराज चहा घेतात, असं गावभर झालं. बाजारात कोणी नाकं मुरडली, कोणी मुकाट्यानं कप उचलला. मडमबाईंनी मला विचारलं, तुम्हाला काय वाटतं? मी म्हणाले, आम्ही ख्रिस्ती लोक तर हे कधीपासून करतो. पापणीसुद्धा हलली नाही माझी.

मग सगुणाबाईंच्या मुलाला दूर रेल्वेत काम लागलं आणि त्या त्याच्याकडे जायला निघाल्या. आमच्याकडे रीत अशी, की गाव सोडून जाणाऱ्याला शेवटच्या उपासनेत पुढे बसवायचं. योगायोगानं त्या दिवशी प्रभुभोजन होतं. पाळकसाहेबांनी त्यांना हाताला धरल्यासारखं करून पुढे आणलं आणि खांबाशी, माझ्या शेजारी बसवलं. किती थकल्या होत्या! गुडघे धरून बसल्या.

मी मनाशी म्हटलं, आज. आज पिणार. आज नाही तर मग केव्हा? म्हणजे मला कळत होतं. पूर्ण कळत होतं. हे मला लिहून ठेवायचं आहे, की तेव्हा मी अजाण नव्हते, आजारी नव्हते, कोणाची मला भीती नव्हती.

प्याला आला. सगुणाबाईंनी एक घोट घेतला. नेहमीसारखा लगेच माझ्या हातात दिला नाही. मांडीवर धरला. नव्या लुगड्याचा पदर घेतला आणि जिथं तोंड लावलं होतं तो काठ पुसला. एकदा पुसला, मग पुन्हा एकदा, भांडं घासल्यावर कोरडं करतो तसा. मग प्याला फिरवून, दुसरी बाजू माझ्याकडे करून, पुढे केला. हळूच म्हणाल्या, "घ्या बाई. पुसलाया."

त्या पुसत होत्या तेव्हा मी त्यांचा हात धरला नाही. पुसून होईपर्यंत मी थांबले होते. मी प्याला घेतला, ओठांना लावला, तिरपा केला आणि ओठ मिटलेलेच ठेवले. सगुणाबाई माझ्याकडेच बघत होत्या.